त्यांचा मंगळवार, आपला बुधवार : दोन शाळांमधल्या व्हिडिओ कॉलचा इतिहास

हा भाग कानात लावायला वेळ नसेल तर हे सगळं इथे लिहून ठेवलंय. बसमध्ये, जेवताना, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून, कुठेही वाचा. सुरुवातीला माझी स्वतःची फजिती आहे. ती सांगितल्याशिवाय इतिहासाकडे जाता येणार नाही.

ऑगस्ट २०१७. मी बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होते. माझी आई सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हा भाग दुष्काळी. ढग येतात, बघतात, निघून जातात. आईची डी.एड.ची मैत्रीण, म्हणजे माझी मावशीच म्हणा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. त्या दोघींनी जूनमध्ये फोनवर गप्पा मारता मारता ठरवलं की दोन्हीकडच्या चौथीच्या मुलांनी रोज पाऊस मोजायचा. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, वरचा भाग कापून उलटा बसवायचा म्हणजे झालं नरसाळं, बाजूला चिकटपट्टीने पट्टी लावायची. झालं पर्जन्यमापक. रोजचं माप वहीत लिहायचं आणि आठवड्याच्या शेवटी फळ्यावर तक्ता काढून त्याचा फोटो एकमेकींना पाठवायचा.

जुलैभर हे चाललं. तिकडून फोटो यायचा आणि इकडची मुलं तोंडात बोटं घालायची. एका दिवसाच्या चौकटीत तर आकडाच नव्हता, तिथे लिहिलं होतं, ‘भरून सांडली’. आमच्याकडे मात्र शून्य, शून्य, शून्य, दोन, शून्य. एका पोराने आईला विचारलं होतं, “बाई, आपली बाटली रात्री कोण रिकामी करतं?”

मग ठरलं की पंधरा ऑगस्टच्या आधीच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, व्हिडिओ कॉल करायचा. तांत्रिक जबाबदारी अर्थातच ‘इंजिनिअर होणाऱ्या मुलीची’. मी हॉस्टेलवरून लॅपटॉप घेऊन गेले. प्रोजेक्टर दुसऱ्या शाळेतून मागून आणला. खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या. हॉटस्पॉटचा फोन रेंज मिळावी म्हणून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला. कॉल लागला! बावीस पोरं एकदम ओरडली. तिकडून अकरा ओरडली. आणि मग चित्र थांबलं. तिकडचा एक मुलगा आ वासलेल्या अवस्थेत भिंतीवर चिकटून राहिला. आमची पोरं हसून हसून लोळली. आवाज तुटक तुटक यायला लागला, मग तोही गेला. मी वीस मिनिटं झटत होते. रिझोल्यूशन कमी कर, फोन उंच धर, ॲप बंद करून परत चालू कर. शेवटी घामाघूम होऊन आईला म्हणाले, “आई, आज रद्द करूया. पुढच्या वेळी मी नीट तयारी करून येते.”

आईने माझ्याकडे पाहिलं, पर्समधून तिचा बटणांचा फोन काढला, मावशीला लावला आणि स्पीकरवर टेबलावर ठेवला. “हं, विचारा आता.”

एक मुलगी वही घेऊन उठली. तिने दोन्हीकडचे तक्ते शेजारी शेजारी उतरवून घेतले होते. तिला एक गोष्ट खटकली होती. जोराचा पाऊस सगळीकडेच झाला अशा दिवशी तिकडच्या वहीत मोठा आकडा मंगळवारी होता आणि आमच्या वहीत बुधवारी. तिने फोनकडे वाकून विचारलं, “तुमचा मंगळवार म्हणजे आमचा बुधवार का?”

तिकडे कुजबुज. मग उलगडा झाला. आमची मुलं सकाळी शाळा भरताना मोजायची. तिकडे सकाळी परिपाठाच्या गडबडीत राहून जायचं, म्हणून ती शाळा सुटताना मोजायची. म्हणजे मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस त्यांच्या वहीत मंगळवारीच जायचा आणि आमच्या वहीत दुसऱ्या दिवशी. पोरांचं फोनवर दहा मिनिटं भांडण झालं, कोणाची वेळ बरोबर यावर. शेवटी दोन्हीकडे सकाळी साडेदहाला मोजायचं ठरलं. आपलं हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, देशभर एकाच वेळी, आणि तेही नेमकं याच कारणासाठी. ते या पोरांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मी मात्र कोपऱ्यात लॅपटॉप मिटून तोंड पाडून बसले होते. माझ्या हिशेबी कॉल फसला होता.

आज मी व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरवरच काम करते. रोजचा धंदाच तो. मागच्या वर्षी एक जुना प्रोटोकॉल समजून घेताना मी इतिहासात घुसले आणि तिथे मला आईची ती पर्स, तो बटणांचा फोन आणि ती वही पुन्हा भेटली. चला, मागे जाऊया.

फोनवर माणूस दिसावा ही हौस जुनी आहे. १९६४ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात एटी अँड टी कंपनीने पिक्चरफोन दाखवला. १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात तो विकायलाही काढला. महाग होता, कोणी फारसा घेतला नाही, संपला विषय. शाळांचा त्याच्याशी संबंध नाही. शाळांची गोष्ट वेगळ्याच दाराने सुरू होते, आणि त्या दारात चित्र नाही, नुसतं टपाल आहे.

१९८० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत सॅन डिएगो भागात अल रॉजर्स नावाच्या शिक्षकाने ॲपल टू संगणकांवर शाळांसाठी फुकट ई-मेलची व्यवस्था उभी केली. नाव फ्रेडमेल. ‘फ्री एज्युकेशनल मेल’चं ते लाडकं रूप. चालायची कशी? दिवसभर मुलांनी लिहिलेली पत्रं संगणकात साठायची आणि रात्री फोनचे दर उतरले की एक संगणक दुसऱ्याला फोन लावून गठ्ठा पुढे सरकवायचा. दुसरा तिसऱ्याला. आपल्या एसटीने पार्सल जावं तसं, स्टँडवरून स्टँडवर. यावर शिक्षकांनी शाळा-शाळांमध्ये एकत्र प्रकल्प केले. हे शिक्षक लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत.

१९८८ साली याहून धाडसी गोष्ट झाली. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं. पीटर कोपेन नावाच्या अमेरिकन माणसाने पुढाकार घेतला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या १२ शाळा मॉस्कोतल्या १२ शाळांना जोडल्या. साधनं दोन. एक ई-मेल आणि दुसरं, साध्या टेलिफोन लाईनवरून कृष्णधवल स्थिर चित्र पाठवणारा फोन. हलतं चित्र नाही हं, स्थिर. बटण दाबा, थांबा, काही सेकंदांनी समोरच्या छोट्या पडद्यावर तुमचा थिजलेला चेहरा उमटणार. म्हणजे माझ्या प्रोजेक्टरवर बिघाड म्हणून जे झालं, ते तिथे यंत्राचं नेहमीचं काम होतं!

आणि वेळ बघा. न्यूयॉर्क आणि मॉस्को यांच्यात आठ तासांचं अंतर. न्यूयॉर्कमध्ये सकाळी आठला शाळा भरते तेव्हा मॉस्कोत दुपारचे चार. समोरासमोर येणं अवघडच. त्यामुळे बोलणं थोडं आणि दोन बोलण्यांच्या मधलं लिहिणं फार. मुलं इंग्रजी आणि रशियन अशा दोन्ही भाषांत अभ्यासाच्या विषयांवर एकत्र काम करायची. याच प्रकल्पातून पुढे आयअर्न ही शाळांची जागतिक संघटना उभी राहिली, आणि तिच्यात आज भारतातल्याही शाळा आहेत.

आता येऊया १९९३ वर. हे माझं सगळ्यात लाडकं वर्ष आहे, इथे मी जरा रेंगाळणार. कंटाळा आला तर दोन परिच्छेद उडी मारा, पण मारू नका.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टिम डॉर्सी नावाच्या प्रोग्रामरने १९९२ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. नाव सीयू-सीमी. ‘सीयू’ म्हणजे कॉर्नेल युनिव्हर्सिटी, आणि म्हणून बघितलं तर ‘सी यू, सी मी’. मी तुला बघते, तू मला बघ. इंटरनेटवरून घरगुती संगणकावर व्हिडिओ दाखवणारं हे अगदी सुरुवातीचं सॉफ्टवेअर. लोकांसमोर ते आलं २६ एप्रिल १९९३ ला. आणि कुठे? कंपन्यांच्या बैठकीत नाही, लष्करात नाही. शाळेत! अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पैशावर चाललेल्या ‘ग्लोबल स्कूलहाउस’ नावाच्या प्रकल्पात. कॅलिफोर्निया, टेनेसी, व्हर्जिनिया आणि लंडन इथली मुलं पर्यावरणाच्या विषयावर एकत्र काम करत होती आणि त्यांनी एकमेकांना पडद्यावर पाहिलं.

त्या काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते. वर्ल्ड वाइड वेब सगळ्यांसाठी खुलं आणि मोफत असल्याचं सर्न या संस्थेने जाहीर केलं ते ३० एप्रिल १९९३ ला, म्हणजे त्यानंतर चार दिवसांनी. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. म्हणजे बहुतेक जगाने पहिली वेबसाइट उघडण्याआधी या पोरांचा व्हिडिओ कॉल होऊन गेला होता.

तो चालायचा कसा? चित्र १६० बाय १२० ठिपक्यांचं. आज व्हॉट्सॲपवर एखाद्याचा डीपी मोठा न करता बघतो ना, तेवढंच समजा. रंग नाहीत. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत फक्त १६ छटा. १६० गुणिले १२० म्हणजे १९,२०० ठिपके, प्रत्येकाला चार बिट, एकूण ७६,८०० बिट. त्या काळचा घरगुती मोडेम सेकंदाला १४,४०० बिट पाठवायचा. म्हणजे जसंच्या तसं पाठवलं तर एक चित्र जायला पाच सेकंदांहून जास्त! म्हणून डॉर्सीने एक युक्ती केली. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे ३०० चौकोन पाडले आणि आधीच्या चित्रापेक्षा जो चौकोन बदलला असेल तेवढाच पाठवायचा. मागची भिंत कशाला परत परत पाठवायची? मुलगी हात हलवतेय तर हातापुरते चौकोन पाठवा. आज आपला फोन जे करतो त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. फक्त आता साध्या एचडी चित्रातसुद्धा तेव्हापेक्षा ४८ पट ठिपके असतात.

दुसरी गंमत. चार ठिकाणची मुलं एकमेकांना एकदम दिसायला हवीत, तर प्रत्येकाने तिघांना वेगवेगळं चित्र पाठवायचं का? लाईन तर आधीच बारीक. म्हणून मध्ये एक युनिक्स संगणक ठेवला. सगळ्यांनी आपलं चित्र त्याला द्यायचं, तो सगळ्यांना वाटणार. त्याला म्हणायचे रिफ्लेक्टर, आरसा. आज मी ज्या भागावर काम करते त्याला एसएफयू म्हणतात आणि तो हेच करतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात खुर्चीवरून उठले होते. म्हणजे मी ज्याच्यावर पगार घेते त्याची मुळं शाळेच्या वर्गात निघाली!

आणि आता तो तपशील, ज्यासाठी मी हा सगळा भाग करतेय. सीयू-सीमीमध्ये तेव्हा आवाजच नव्हता. फक्त चित्र. मॅकिंटॉशवर आवाज आला १९९४ मध्ये, विंडोजवर १९९५ मध्ये. म्हणजे १९९३ च्या त्या एप्रिलमध्ये हलतं चित्र इंटरनेटवरून येत असेल, पण बोलायचं तर दुसरी वाट हवी. आणि वर्गात सहज मिळणारी दुसरी वाट एकच, टेलिफोन.

आईचा बटणांचा फोन!

मी तिला रात्री फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, “मग? त्यात काय? चित्राने कधी आकडे सांगता येतात का?”

तर हा ग्लोबल स्कूलहाउसचा प्रकल्प चालवणारे कोण होते? तेच, फ्रेडमेलवाले. अल रॉजर्स आणि त्याच्या सहकारी शिक्षिका इव्हॉन मेरी आंद्रेस. म्हणजे व्हिडिओची माणसं नव्हेत. वर्षानुवर्षं ई-मेलवर दोन शाळांना एकत्र कामाला लावण्याची सवय असलेले शिक्षक. त्यांना आधीच ठाऊक होतं की प्रश्न नीट आखला नसेल, दोन्हीकडे कामाची वाटणी झाली नसेल, परत जाऊन तपासण्यासारखं काही नसेल, तर जोडणी कितीही भारी असली तरी मुलं हात हलवतात, ‘हॅलो’ म्हणतात आणि दोन मिनिटांत काय बोलायचं ते संपतं. तुम्ही पाहुण्यांशी व्हिडिओ कॉलवर बोललाय ना? “जेवलात का? पाऊस आहे का तिकडे?” आणि मग शांतता. तेच.

मला तर वाटतं त्या काळातल्या टंचाईने मदतच केली. वर्गाला एकच संगणक, एकच कॅमेरा. १९९४ मध्ये कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम आला, साधारण शंभर डॉलरचा, तोही कृष्णधवल, तेव्हा कुठे शाळांना कॅमेरा परवडायला लागला. एका कॅमेऱ्यासमोर तीस मुलं बसवायची म्हटल्यावर ठरवावंच लागतं की बोलणार कोण, लिहून घेणार कोण, नकाशा धरणार कोण, समोरून प्रश्न आला तर उत्तर शोधून चिठ्ठी पुढे सरकवणार कोण. म्हणजे समोरच्या शाळेशी एकत्र काम करण्याआधी स्वतःच्या वर्गाला एकत्र काम करावं लागायचं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, आणि ज्याच्या हातात फोन होता त्या प्रत्येक मुलाला स्वतंत्र चौकोन मिळाला. यंत्र हजारपट चांगलं, पण प्रत्येक जण आपल्या चौकोनात एकटा, माईक म्यूट. शाळांमधल्या व्हिडिओच्या इतिहासात ही मधेच उलटी फिरलेली पायरी आहे असं माझं मत. तुमचं वेगळं असेल तर कळवा, मी भांडायला तयार आहे.

भारतात काय चाललं होतं? आपल्याकडे दूरच्या वर्गाचा विचार खूप आधी झाला, पण वेगळ्या दिशेने. १९७५-७६ मध्ये ‘साईट’ नावाचा प्रयोग झाला. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी घेतला आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट टीव्ही पोहोचवला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. जगात नावाजलेला प्रयोग, पण एका दिशेचा. दिल्ली-अहमदाबादेतून कार्यक्रम सुटायचा, गाव बघायचं. मग २० सप्टेंबर २००४ ला इस्रोने एज्युसॅट सोडला, खास शिक्षणासाठीचा उपग्रह. त्याच्या आधीच्या चाचणीत तीन विद्यापीठं होती आणि त्यांतलं एक आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. एज्युसॅटमध्ये विद्यार्थ्याला प्रश्न विचारायची सोय होती, ही मोठीच सुधारणा. तरी रचना तीच, एका टोकाला तज्ज्ञ शिक्षक, दुसऱ्या टोकाला शेकडो वर्ग. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला काही सांगावं, असा विचार सरकारी यंत्रणेत नव्हता. याचा मला राग येत नाही. शिक्षक कमी, मुलं अफाट, तर कोणीही आधी तोच विचार करेल. पण वर्गाने वर्गाशी बोलणं आपल्याकडे आलं ते वरून नाही. ते आलं एकेकट्या शिक्षकांच्या हट्टातून.

त्याला स्काइपने वाट करून दिली. स्काइप २००३ चं. २०११ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी ‘स्काइप इन द क्लासरूम’ सुरू केलं आणि त्यावर एक खेळ जगभर गाजला, मिस्टरी स्काइप. दोन वर्ग जोडायचे, कोण कुठे आहे ते सांगायचं नाही. फक्त हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारायचे आणि समोरचा वर्ग कोणत्या देशात, कोणत्या गावात आहे ते ओळखायचं. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला का? तुमच्या देशाला समुद्र आहे का? कॉम्प्युटरवाल्यांना लगेच कळेल की हा बायनरी सर्च आहे, प्रत्येक प्रश्नाला अर्धं जग बाद. खेळ झकास आहे, नकाशा पाठ होतो, पोरं खूश. पण माझी एक तक्रार आहे. पाऊण तासात उत्तर सापडतं आणि सापडलं की खेळ संपतो. मग पुन्हा कधीच न भेटणारे दोन वर्ग आपापल्या वाटेने जातात.

म्हणूनच मला परितेवाडीची गोष्ट वेगळी वाटते. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात परितेवाडी. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत आहेत ते पुस्तकांतल्या क्यूआर कोडमुळे आणि डिसेंबर २०२० मध्ये मिळालेल्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे. दहा लाख डॉलरचं बक्षीस आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बातम्यांत हेच आलं. पण त्यांचं एक काम बातम्यांच्या मागच्या पानावर राहिलं, ‘लेट्स क्रॉस द बॉर्डर्स’. भारत आणि पाकिस्तान, इस्राइल आणि पॅलेस्टाइन, इराक आणि इराण, अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून जोडलं. आणि एका कॉलपुरतं नाही. सहा आठवडे. प्रत्येक मुलाला पलीकडच्या देशातला एक जोडीदार. दोघांनी मिळून सादरीकरण तयार करायचं, पाहुण्यांना एकत्र ऐकायचं, तुमच्या-आमच्यात सारखं काय ते शोधायचं.

१९८८ ची न्यूयॉर्क-मॉस्को जोडी आठवली ना? मला आठवली. माढा तालुक्यात बसून कोणीतरी तेच सूत्र पुन्हा शोधून काढलं. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी मुलांना बोलायला लावा, पण बोलायला हातात काहीतरी काम द्या. भारत-पाकिस्तानमध्ये तर घड्याळाचीही अडचण नाही, फक्त अर्ध्या तासाचा फरक. लंडन आणि कॅलिफोर्नियात आठ तासांचा. तिथे एका वर्गाला शाळा सुटल्यावर थांबावं लागतं किंवा दुसऱ्याला पहाटे यावं लागतं, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. आम्ही प्रयत्न केलाय.

स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. त्याच्याही आधी सीयू-सीमी गेलं. साधनं येतात आणि जातात, हे मी नोकरीत रोज बघते. आम्ही इंजिनिअर लोक कॉल किती सेकंदात लागला, किती पॅकेट हरवले, चित्र किती वेळा अडकलं याचे आलेख काढतो. माझ्या स्क्रीनवर ते दिवसभर असतात. त्या आलेखांत ऑगस्ट २०१७ चा आमचा कॉल लाल रंगात दिसला असता. अयशस्वी, कालावधी दोन मिनिटं. त्याच्या खाली ज्या वह्या होत्या, ते मोजायची सोय माझ्याकडे नाही. आईला ती कधी लागलीच नाही.

आता शेवटचं. मावशीच्या शाळेत २०१७ मध्ये चौथीतच अकरा मुलं होती. आज पहिली ते चौथी मिळून सात आहेत. वाडीतली तरुण माणसं मुंबईला गेली, पोरं त्यांच्याबरोबर गेली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून मावशी दर जूनमध्ये धास्तावलेली असते. तिचं म्हणणं, गाडी देतील हो, पण पावसाळ्यात आमच्या घाटात गाडी येते का? सरकारचंही एक म्हणणं आहे. सात मुलांत कबड्डीचा संघ होतो, दोन होत नाहीत. सात मुलांत कोणाशी स्पर्धा करायची, कोणाकडून शिकायचं? हा प्रश्न खोटा नाही. पण तिसरीत एकटीच असलेल्या मुलीला आठवड्यातून दोनदा दुसऱ्या गावची सतरा तिसरीवाली पोरं भेटत असतील, तिच्या वहीत चुका काढत असतील, तर ती एकटी आहे का? मला खरंच माहीत नाही. यंदा जूनपासून आम्ही करून बघतोय. पाऊस पुन्हा मोजतोय. शिवाय यंदा आठवडी बाजारातले टोमॅटो आणि कांद्याचे भावही.

मी आईला विचारलं की कोणतं ॲप घालू, आमच्या कंपनीचं की दुसरं. ती म्हणाली, “तुला जे घालायचं ते घाल. मावशीचा नंबर आहे माझ्याकडे.”

मग तिने कपाटातून २०१७ ची वही काढून दिली. पाणी लागून फुगलेली, कव्हर निसटलेलं. पहिल्या पानावर चौथीतल्या त्या मुलीच्या अक्षरात ‘माप घेण्याची वेळ’ असं लिहिलंय. पुढची जुनी वेळ खोडून वर निळ्या पेनने लिहिलंय, सकाळी १०:३०. आणि कंसात, दोनदा अधोरेखित करून, ‘दोन्हीकडे’.